दाब, धर, सोड

वहिनींचा फोन आला तेव्हा धाकटा नुकताच जेवून उठला होता. वहिनी सहसा फोन करत नसत. केलाच तर आधी मुलांची चौकशी, मग तब्येतीची, आणि काम सगळ्यात शेवटी, जाता जाता आठवल्यासारखं. आज त्यांनी मधलं सगळं गाळलं.

"भाऊजी, जरा येऊन जाता का? यांनी गाडी उघडून ठेवलीय. उद्या सकाळी बाबांना मोठ्या दवाखान्यात न्यायचंय, पायातले स्क्रू काढायला. आणि गाडी अंगणात अधांतरी."

"अधांतरी म्हणजे?"

"पुढची चाकं काढलीत. नवे मोठे ब्रेक मागवले होते, ते बसवलेत. बसले म्हणतात, पण लागत नाहीत. गॅरेजवाला म्हणाला, आज सुट्टी, आणि दुसऱ्याने उसवलेलं मी शिवत नाही."

"तुम्ही मला फोन करताय हे दादाला माहीत आहे?"

वहिनींचा आवाज खाली आला. "ते इथेच उभे आहेत."

धाकटा "येतो" म्हणाला आणि पान्यांची पेटी काढायला गेला. पेटीवर बरीच धूळ होती. वर्षभर त्याने ती उघडली नव्हती.

गेल्या वर्षीपर्यंत नातेवाइकांत त्याला सगळे धाकटाच म्हणत. आता त्याला ब्रेकफेल म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि तो हसून घेतो हे पाहिल्यावर मुलंही म्हणू लागली.

झालं होतं ते एवढंच. थोरला बाबांना घेऊन डोंगरावरच्या रस्त्याने परत येत होता. उतार संपत आला तेव्हा ब्रेकचं पेडल एकदम तळाला गेलं. गाडी रस्त्याकडेच्या भिंतीवर आदळली. थोरल्याला खरचटलंही नाही. बाबांचा डावा पाय मोडला. त्याच्या थोडंच आधी धाकट्याने त्या गाडीचे पुढचे ब्रेक-पॅड बदलले होते, याच अंगणात, थोरल्यानेच सांगितलं म्हणून. दवाखान्याच्या बाकावर सगळी मंडळी जमली असताना थोरला म्हणाला, "घरच्या घरी ब्रेक बदलले की हे असं होतं."

वाक्य एकच, पण ते पुरलं. आत्या एकदा नाइलाजाने धाकट्याच्या गाडीत बसली, ती घर येईपर्यंत वरची कडी दोन्ही हातांनी धरून. मेहुण्याला पावसात सोडतो म्हटलं तर तो म्हणाला, "नको, मला चालायला आवडतं." भर पावसात. धाकट्याच्या मुलीला शाळेच्या दारात कोणीतरी विचारलं, "तूच ना ब्रेकफेलची?" त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही.

धाकटा आपटलेली गाडी बघायला गेला होता. त्याने बसवलेले पॅड जागच्या जागी होते, फक्त जळून कोळसा झाले होते. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्क निळ्या-जांभळ्या पडल्या होत्या, रिकामं भांडं चुलीवर विसरल्यावर बूड होतं तशा. डिस्क अशी एकाच कारणाने होते. गाडी गिअरमधून काढून उतारावर सोडायची आणि सगळा भार ब्रेकवर टाकून खाली यायचं. इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, ब्रेक तापत जातात, आतलं ऑइल उकळतं, आणि पाय तळाला जातो. त्याने हे थोरल्याला सांगितलं. थोरला म्हणाला, "आता तू मला गाडी चालवायला शिकव." त्याने हे बाबांना सांगितलं. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. "जाऊ दे. झालं ते झालं." त्यांना दुखत असेल, असं धाकट्याला वाटलं होतं.

खोटं एकदा चालू केलं की त्याला सुटे भाग लागत राहतात. ब्रेक वाईट होते म्हटल्यावर दुरुस्त होऊन आलेल्या गाडीला चांगले ब्रेक बसवणं आलं. नातेवाइकांनी तगादा लावला. धाकट्याला बोलावणं शक्य नव्हतं. आणि गॅरेजवाल्याकडे नेली असती, तर त्याने जुन्या ब्रेकना काय झालं होतं ते विचारलं असतं. म्हणून थोरल्याने स्वतःच हात घातला.

धाकटा पोचला तेव्हा अंगणात अर्धी आळी नसली तरी आळीचा आवाज हजर होता. समोरचे निवृत्त पोस्टमास्तर कंपाउंडच्या भिंतीवर कोपरं टेकून उभे होते. ब्रेकफेल हे नाव त्यांनीच ठेवलेलं.

"या, ब्रेकफेल, या!" पोस्टमास्तर म्हणाले. "आता काळजी नाही. गाडी एक तर सुटणारच नाही, नाहीतर थांबणारच नाही."

बाबा ओसरीवर खुर्चीत होते, काठी मांडीवर आडवी. त्यांनी नुसती मान हलवली. थोरला गाडीमागून आला. हातांत नवे कोरे हातमोजे, कपाळावर ग्रीसचा काळा पट्टा.

"आलास? तसं काही विशेष नाही," तो म्हणाला. "सगळं बसलंय नीट. थोडी हवा राहिलीय आत. पेडल धरायला कोणी असतं तर मीच काढली असती."

"बघतो."

गाडीचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी स्टँडवर होता. नव्या डिस्क मोठ्या होत्या, आरशासारख्या. त्यांच्यावर लालभडक कॅलिपर. पॅडना डिस्कवर दाबून धरणारा तो लोखंडी पंजा. धाकटा उजव्या चाकाच्या जागी वाकला आणि तसाच वाकून राहिला. मग उठला, डावीकडे गेला, तिथेही वाकला.

कॅलिपरला एक बारीक निपल असतं. ते सैल केलं की आतली हवा ऑइलबरोबर बाहेर येते. ते वरच्या अंगाला असावं लागतं, कारण हवा वर जाते. थोरल्याने डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. बसतो तो, बोल्ट बरोबर लागतात, दिसतोही छान. फक्त निपल खालच्या अंगाला येतं. मग वर्षभर पंप केला तरी खालून स्वच्छ ऑइल येत राहतं, आणि हवा वर जाऊन आरामात बसते. आणि थोरल्याची अख्खी नोकरी पाणीपुरवठा खात्यात झाली होती. शहरभराच्या नळांतली हवा कुठून काढायची ते ठरवण्यात.

धाकट्याचा स्वतःचा व्यवसाय पंपांची ड्रॉइंग काढण्याचा. चूक त्याला शोधावी लागली नाही. ती समोर लाल रंगात होती.

इथवर येताना त्याच्या मनात काही नव्हतं, काम करून निघून यायचं एवढंच. पण त्या उलट्या निपलकडे पाहताना त्याला वाटलं, ही दुपार आपल्याला कोणीतरी आणून हातात दिली आहे.

"कसं काय?" थोरल्याने विचारलं.

"बसवलंस छान," धाकटा म्हणाला. "हवाच आहे. बस पेडलवर."

ब्रेकची हवा काढणं हे दोघांचं काम. एक जण आत बसून पेडल दाबतो, दुसरा बाहेर निपलला पारदर्शक नळी लावून पाना धरतो. बाहेरचा म्हणतो, दाब. आतला पेडल काही वेळा मारून दाबून धरतो. बाहेरचा म्हणतो, धर, आणि निपल उघडतो. पेडल तळाला जातं, ऑइल बाटलीत येतं. निपल बंद झाल्यावरच बाहेरचा म्हणतो, सोड. त्याआधी पाय उचलला तर नळीतून उलटी हवा आत ओढली जाते आणि केलेलं सगळं पाण्यात. आतल्याला बाहेरचं काही दिसत नाही. त्याने फक्त ऐकायचं असतं.

थोरला आयुष्यात कोणाचं ऐकून बसला नव्हता. निदान धाकट्याला तसं वाटत आलं होतं.

"दाब."

फसक, फसक, फसक.

"धर... सोड."

"आली का हवा?"

"येतेय. दाब."

हवा येत नव्हती. नळीतून मधासारखं ऑइल येत होतं, एकही बुडबुडा नाही. धाकट्याने वहिनींना वरच्या डबीत ऑइल ओतत राहायला सांगितलं. वहिनी मन लावून ओतत होत्या. थोरला दर थोड्या वेळाने विचारायचा, "आता?" आणि धाकटा म्हणायचा, "पेडल कसं लागतंय?"

"स्पंजासारखं."

"मग अजून आहे. दाब."

उन्हाने गाडीचं टप तापलं. थोरल्याचा शर्ट पाठीला चिकटला. उजवी बाजू झाली, डावी झाली, परत उजवी. धाकटा डावीकडून उजवीकडे जाताना मुद्दाम सावकाश जायचा. तेवढा वेळ थोरल्याचा पाय पेडलवर.

"अहो, हे किती वेळ चालतं?" वहिनींनी विचारलं.

"घाईने केलेल्या ब्रेकचं काय होतं ते तुम्ही बघितलंय, वहिनी," धाकटा म्हणाला.

पोस्टमास्तर हसत सुटले. "हे बाकी खरं! अनुभवाचे बोल!"

धाकटाही हसला. वर्षभर हसत आला होता तसाच. मग तो खाली बसला, निपल उघडलं, थोरल्याचा पाय तळाला गेल्याचा आवाज ऐकला, आणि गप्प राहिला.

"सोडू?" आतून आवाज.

"धर."

"धरलंय. बंद केलंस का?"

"नाही अजून. सोडलंस तर सगळी हवा परत आत जाईल आणि पहिल्यापासून करावं लागेल. संध्याकाळ होईल. उद्या बाबांना रिक्षाने न्यावं लागेल, तो पाय घेऊन." त्याने आवाज चढवला नाही. "दादा, एक विचारू?"

"आत्ता?"

"त्या दिवशी उतारावर गाडी कुठल्या गिअरमध्ये होती?"

वहिनींच्या हातातला डबा ओतता ओतता थांबला. ओसरीवरची काठी हलली.

"काय काढलंस मध्येच!"

"सांग. मग सोड म्हणतो."

"तिसऱ्या."

"धर."

"अरे, सांगितलं ना! पायाला गोळे आलेत माझ्या."

"तिसऱ्या गिअरमध्ये डिस्क निळ्या होत नाहीत. धर."

गाडीच्या पत्र्याआडून थोरल्याची मांडी थरथरताना धाकट्याला दिसत नव्हती, पण पेडल बारीक कुरकुरत होतं. तो ते कान देऊन ऐकत होता. हा आवाज त्याला गोड लागला. आपल्याला एवढा गोड लागेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"कुठल्याच नाही," थोरला शेवटी म्हणाला.

"म्हणजे?"

"न्यूट्रलला होती."

"मोठ्याने बोल. पोस्टमास्तरांना कमी ऐकू येतं."

"मला चांगलं ऐकू येतं," पोस्टमास्तर म्हणाले. कोपरं भिंतीवरून उचलून ते सरळ उभे राहिले होते.

"न्यूट्रलला टाकली होती!" थोरला ओरडला. "वरपासून खालपर्यंत! ब्रेकना काही झालं नव्हतं, ब्रेक चांगले होते! झालं समाधान?"

धाकट्याने निपल आवळलं. "सोड," तो म्हणाला.

हा क्षण त्याने वर्षभर घोळवला होता. कधी लग्नघरात, कधी आत्याच्या दारात, कधी मुलीच्या शाळेपाशी. जागा बदलायची, पण शेवट एकच असायचा. बाबा थोरल्याकडे बघतील, मग आपल्याकडे, आणि म्हणतील, अरेरे, मी तुला उगाच... तेवढंच. पुढचं त्याने कधी रंगवलंच नव्हतं. त्याने ओसरीकडे पाहिलं.

बाबा काठीच्या मुठीवरचा रंग नखाने खरवडत होते.

थोरला दार धरून बाहेर आला. उजवा पाय त्याच्या ताब्यात नव्हता. गाडीला टेकून त्याने कपाळ पुसलं, पट्टा आणखी रुंद झाला.

"एवढं विचारलंस," तो म्हणाला, "तर पुढचंही विचार. टाक म्हणून कोण म्हणालं?"

"अहो, पुरे," वहिनी म्हणाल्या. एवढ्या चटकन म्हणाल्या, की वहिनींनाही माहीत होतं हे धाकट्याला कळलं.

त्याला बाकीचंही तिथल्या तिथे कळलं. लहानपणची जुनी गाडी, पुढे बाबा, मागे ते दोघे. प्रत्येक उतार आला की बाबा गिअर काढून हात मांडीवर ठेवायचे. "उतारावर कशाला पेट्रोल जाळायचं?" पुढे थोरला चालवायला लागला तरी शेजारून बाबांचा हात गिअरकडे जायचाच. धाकट्याबरोबर मात्र ते पुढे बसत नसत. त्याने एकदा त्यांना ऐकवलं होतं, की असं केलं तर ब्रेक जातील.

"बाबा?" तो म्हणाला.

"मीच म्हणालो," बाबा म्हणाले. "मग?"

"मग वर्षभर तुम्ही..."

"मी कुठे काय बोललो? बोलला तो."

"तुम्हाला माहीत होतं."

"माझाच पाय मोडला, मला नको माहीत?" बाबांनी काठी जमिनीवर टेकली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, ओशाळलेपण नव्हतं. कपाट कुठल्या भिंतीला लावायचं ते सांगावं तसा आवाज होता. "हे बघ. मला या घरात राहायचं होतं. रोज सकाळी उठून सुनेच्या हातचा चहा घ्यायचा होता. म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने पाय मोडून घेतला, हे रोज कोणाच्या डोळ्यांत बघू? तुझं घर लांब. कोणावर तरी जायचंच होतं, तर जो रोज समोर नसतो त्याच्यावर गेलेलं बरं."

"आणि लोक मला काय म्हणतात ते?"

"लोक काय, काहीतरी म्हणणारच." बाबांनी पोस्टमास्तरांकडे पाहिलं. "तुला हसताना बघितलं मी. वाटलं, याला चालतंय."

पोस्टमास्तर भिंतीपासून मागे सरले. थोड्या वेळाने त्यांच्या फाटकाची कडी वाजली. दिवस मावळायच्या आत आळीला कळणार होतं, आणि उद्यापर्यंत आत्याला. तासाभरापूर्वी धाकट्याने याच्यासाठी काहीही दिलं असतं. आता ती कडी वाजली आणि त्याला काहीच झालं नाही. त्याची तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती थोरल्यासाठी नव्हती.

थोरल्याने वर्षभर खोटं सांगितलं होतं, पण ते स्वतःसाठी सांगितलं नव्हतं. म्हणजे आज ज्याला घामाघूम केलं तो भलताच माणूस. याचंही त्याला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं, हे कळलं, एवढंच.

"दादा," तो म्हणाला, "दोन्ही कॅलिपर काढ."

"आता का?"

"डावा उजवीकडे बसवलायस. निपल वर पाहिजे. खालून जन्मभर हवा निघाली नसती."

थोरला पुढे गेला, वाकला, निपलकडे बघत राहिला. पाणीपुरवठ्यातल्या माणसाला एकदा दाखवल्यावर दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. तो सावकाश वळला.

"तुला हे कधी दिसलं?"

"आल्या आल्या."

थोरल्याच्या हातात मोठा पाना होता. तो हात खांद्यापर्यंत वर आला. वहिनी "अहो!" म्हणून ओरडल्या. धाकटा जागचा हलला नाही. उलट त्याला वाटलं, मार. मारलंस तर निदान काहीतरी फिटेल. पण हात हळूहळू खाली आला, आणि थोरल्याने त्याच पान्याने पहिला बोल्ट सैल करायला घेतला. पुढे त्या कामात दोघे फक्त "धर जरा", "तो पाना", "थोडा वर" एवढंच बोलले. काम चोख झालं. धाकट्याने प्रत्येक बोल्ट स्वतः पुन्हा आवळून पाहिला.

थोरला आत बसायला निघाला तेव्हा धाकट्याने दार धरलं.

"तू नको. बाबा बसतील."

"भाऊजी, अहो त्यांचा पाय!" वहिनी पुढे झाल्या.

"मोडलाय तो डावा. ब्रेक उजव्या पायाने दाबतात."

"मी बसतो ना," थोरला म्हणाला. "पाहिजे तर परत पहिल्यापासून..."

"बाबा बसतील. नाहीतर मी निघतो. रिक्षाचा नंबर वहिनींकडे आहे."

कोणी काही बोलायच्या आत खुर्ची करकरली. बाबा काठी टेकत ओसरीवरून उतरले. थोरल्याने पुढे केलेला हात त्यांनी घेतला नाही. चालकाच्या जागेवर बसायला त्यांना वेळ लागला. मोडका पाय हाताने उचलून आत घ्यावा लागला. मग त्यांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि काचेतून समोर बघायला लागले. समोर उघडं बोनेट आणि त्याच्या कडेने घराची भिंत, एवढंच होतं.

"दाबा," धाकटा म्हणाला.

बाबांनी दाबलं. म्हाताऱ्याच्या पायात अजून जोर होता.

"धरा."

या वेळी नळीतून भसाभस बुडबुडे आले, ऑइल फेसाळून बाटलीत उतरलं. "सोडा." परत दाबा, परत धरा. बुडबुडे मोठे होते ते बारीक झाले, मग एखाददुसरा, मग एकही नाही. दुसऱ्या बाजूचंही तसंच. बाबांनी एकदाही "सोडू?" असं विचारलं नाही. एकदाही आधी पाय उचलला नाही. थोरला डबीत ऑइल ओतत होता आणि वर बघत नव्हता.

"आता कसं लागतंय पेडल?" धाकट्याने विचारलं.

"दगडासारखं," बाबा म्हणाले.

"दाबून धरा. कुठून गळतंय का बघतो."

त्याने दोन्ही निपल फडक्याने पुसून पाहिली, पाइपच्या जोडांवरून बोट फिरवलं. सगळं कोरडं. काम संपलं होतं; चाकं थोरल्यालाही चढवता येणार होती. त्याने बोनेट लावलं, नळी गुंडाळली, पाने पुसून पेटीत एकाखाली एक लावले, पेटीला कडी घातली.

"बघून झालं का?" थोरल्याने हळू आवाजात विचारलं.

"झालं."

"मग सोडा म्हण ना त्यांना."

धाकटा अंगणातल्या नळापाशी गेला. वहिनींनी धुण्याची पावडर ठेवली होती, ती त्याने तळहातावर घेतली आणि बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांतून चोळू लागला. ब्रेकचं ऑइल लवकर निघत नाही.

"भाऊजी," वहिनी मागे येऊन उभ्या राहिल्या. "म्हणा की सोडा. म्हातारा माणूस आहे."

"निपल बंद आहे, वहिनी. पाय उचलला तरी काही होत नाही. त्यांना सांगा तुम्ही."

वहिनी गाडीपाशी गेल्या, खिडकीतून वाकून काहीतरी बोलल्या. बाबांनी मान हलवली नाही, पेडलवरचा पायही उचलला नाही. स्टिअरिंगवरच्या हातांच्या शिरा वर आल्या होत्या. मान ताठ, हनुवटी थोडी पुढे, नजर भिंतीवर. लहानपणी गाडी चालवताना बसायचे तसेच. वहिनी परत बोलल्या. थोरला दुसऱ्या खिडकीशी गेला.

धाकट्याने नळ बंद केला. हात झटकले, पँटला पुसले. मग पेटी उचलून तो फाटकापर्यंत गेला, आणि तिथे, गाडीकडे तोंड करून, उभा राहिला.